मास्तरांच्या खुर्चीत यंत्र

माणसाने जी यंत्रे काढली ती बहुधा हातापायांचे कष्ट वाचविण्यासाठी. जात्याच्या जागी गिरणी आली, मोटेच्या जागी पंप आला, छकड्याच्या जागी मोटार आली. चार दिवस आपण हळहळलो, मग मुकाट्याने नव्याशी जुळवून घेतले. परंतु मास्तरांच्या जागी यंत्र बसवावयाचे म्हटले की गोष्ट इतकी सरळ राहात नाही. कोणी हरखून जातो, कोणाच्या पोटात गोळा येतो. आज पुष्कळ घरांत मुलाच्या हाती एक चपटी काच असते. तिला प्रश्न विचारला की ती उत्तर देते, समजावून सांगते, चुकले तर न रागावता पुन्हा सांगते. मग आईबाप एकमेकांना विचारतात, की हे यंत्र पोराला मास्तरांसारखे शिकवील काय? आणि शिकवीत असेल तर शिकवणीचे पैसे कशाला भरावयाचे?

हा प्रश्न कालपरवाचा वाटतो. वस्तुतः तो शंभर वर्षांचा आहे. एवढ्या काळात तो अनेकदा विचारला गेला, त्यापायी पुष्कळ पैसा खर्च झाला आणि अलीकडे तर त्याची उत्तरे रीतसर प्रयोग करून मोजण्यात आली. त्यांतील काही महत्त्वाचे प्रयोग आपल्या मुंबईत, बडोद्यात, अहमदाबादेत आणि दिल्लीत झाले. तो सारा इतिहास एकदा नीट पाहावा, म्हणजे भीती आणि भुरळ या दोहोंतून सुटका होईल.

आधी मास्तर वर्गात काय करतात त्याचा हिशेब मांडू. ते नवी गोष्ट समजावून देतात. ती पक्की व्हावी म्हणून उदाहरणे घालतात. ती तपासून बरोबर-चूक सांगतात. कोणाचे घोडे कोठे अडले आहे ते ओळखून त्याला तेथे हात देतात. आणि मुलाने शाळेत यावे, टिकावे, नेट धरावा, म्हणून कधी डोळे वटारून, कधी पाठीवर हात फिरवून त्याला धरून ठेवतात. ही पाच कामे एका मुलासाठी करावयाची तर कोणीही करील. समोर चाळीस-पन्नास बसलेली असतात, तेथे पंचाईत होते. पुढच्या बाकावरचा कंटाळतो, मागच्या बाकावरचा बुडतो, आणि मास्तर मधल्या बाकाशी बोलत राहतात. शिकवणाऱ्या यंत्रांचा सगळा इतिहास या एका पंचाईतीतून निघाला आहे.

तिच्यावरचा पहिला मोठा तोडगा हिंदुस्थानातूनच विलायतेला गेला, ही मौजेची गोष्ट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अँड्रयू बेल नावाचा एक पाद्री शिपायांच्या अनाथ मुलांच्या आश्रमावर देखरेख करीत असे. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. आपल्या आश्रमातही त्याने तीच युक्ती केली आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेतले. पंतोजींच्या शाळा चालविणाऱ्या आपल्या पूर्वजांना यात नवल वाटले नसते. धूळपाटी आणि थोरल्याने धाकट्याकडून म्हणवून घेतलेले पाढे आपल्या घरचेच. पण बेलने १७९७ साली यावर पुस्तक लिहिले, तिकडे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने एका मास्तराच्या नजरेखाली शेकडो मुलांची शाळा चालवून दाखविली, आणि ‘मॉनिटर’ पद्धत जगभर पसरली. कवी कोलरिज याने तिला वाफेच्या यंत्राची उपमा दिली. उपमा अचूक होती. पाठांतर आणि तपासणी ही कामे ते मनुष्ययंत्र झपाट्याने करी. पण एखादे मूल का अडते, हे दहा वर्षांच्या मॉनिटरला कोठून कळणार? १८४६ पासून इंग्लंडात सरकारने उमेदवार शिक्षक तयार करण्याची योजना हाती घेतली आणि मॉनिटर हळूहळू मागे पडला. पहिला धडा तेव्हाच मिळाला होता: मास्तरांचे अर्धे काम वाटून देता येते, उरलेल्या अर्ध्यासाठी जाणते माणूस लागते.

*

खरेखुरे यंत्र यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१३ साली एडिसनने भाकीत केले, की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि चलत्‌चित्रे सारे काही शिकवतील. एडिसनचा दिवा घरोघर लागला, हे भाकीत मात्र विझले. चित्रपट दाखवतो, पण विचारीत नाही. आणि विचारल्यावाचून शिकवणे होत नाही.

विचारणारे यंत्र केले ते ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी. १९२४ साली त्यांनी ते आपल्या सहकाऱ्यांपुढे मांडले. टंकलेखन यंत्रासारख्या त्या पेटीच्या खिडकीत एक प्रश्न आणि चार उत्तरे दिसत. मुलाने चारांतील एक कळ दाबावयाची. एक खटका वर केला की यंत्र परीक्षकाचे शिक्षक होई. बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्नच येत नसे. ठरावीक उत्तरे बरोबर आली की गोळी बाहेर टाकणारी एक जोडणीही प्रेसींनी केली होती. मास्तरांच्या खिशातील खाऊसुद्धा यंत्रात आला! वह्या तपासण्याच्या रटाळ कामातून शिक्षकाची सुटका करावी, हा त्यांचा हेतू. पण त्यानंतर अमेरिकेत महामंदी आली. शिकलेले शिक्षक बेकार फिरत असताना त्यांचे श्रम वाचविणारे यंत्र विकत कोण घेणार? १९३२ च्या सुमारास प्रेसींनी हा नाद सोडला.

पुढची वीस वर्षे शांततेत गेली. मग ११ नोव्हेंबर १९५३ रोजी हार्वर्डचे प्राध्यापक बी. एफ. स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून गणिताचा तास पाहावयास गेले. कबुतरांना दाण्याच्या आमिषाने नाना कसरती शिकवणारे म्हणून हे गृहस्थ प्रसिद्ध होते. वर्गात त्यांनी काय पाहिले? काही मुले उदाहरणे उरकून इकडेतिकडे पाहात होती, काही पहिल्याच उदाहरणावर घाम गाळीत होती, आणि आपले बरोबर की चूक हे एकालाही तेव्हाच्या तेव्हा कळत नव्हते. कबुतरालासुद्धा असे शिकवीत नाहीत, असे त्यांच्या मनात आले असल्यास नवल नाही. घरी येऊन थोड्याच दिवसांत त्यांनी एक पेटी जुळवली. तीत उदाहरण दिसे. मुलाने आकड्यांच्या पट्ट्या सरकवून उत्तर मांडावयाचे आणि मूठ फिरवावयाची. उत्तर बरोबर असेल तर मूठ फिरे आणि नवे उदाहरण पुढे येई. चूक असेल तर ती हलत नसे. शिकवण्याचा विषय बारीक बारीक पायऱ्यांत इतका चिरावयाचा, की मुलाला चुकण्याची संधीच मिळू नये, ही स्किनरांची विद्या. १९५४ साली पिट्सबर्ग येथे त्यांनी ती विद्वानांपुढे मांडली. आणि यंत्राने शिक्षकाला घालवावयाचे नाही, हलक्या कामातून मोकळे करावयाचे आहे, असे तेथे बजावूनही सांगितले.

इतक्यात १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि आपली मुले गणितात मागे पडली या धास्तीने अमेरिका खडबडून जागी झाली. सरकारी पैशाचा ओघ शाळांकडे वळला. शिकवणाऱ्या पेट्यांचे पेव फुटले. विश्वकोश विकणारे विक्रेते घरोघर जाऊन त्या खपवू लागले. पण दहा वर्षांच्या आतच हे पीक करपले. पेट्या पुष्कळ निघाल्या, त्यांत घालावयाचे पाठ मात्र घाईने रचलेले आणि रुक्ष होते. इवल्या इवल्या पायऱ्या चढून हुशार मुले कंटाळली. आणि मुख्य उणीव अशी, की पेटीला ‘उत्तर चूक’ एवढेच कळे. का चूक, हे कळत नसे.

*

याच सुमारास संगणक पुढे आला. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर या सव्वीस वर्षांच्या अभियंत्याने १९६० साली तेथील इलियाक नावाच्या अजस्र संगणकाला एक दूरचित्रवाणी संच जोडून ‘प्लेटो’ ही शिकवण्याची योजना सुरू केली. एका विद्यार्थ्यापासून आरंभ झालेली ही योजना १९७० नंतर शेकडो पडद्यांपर्यंत पोहोचली. त्या पडद्यांसाठी बिट्झर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६४ साली वायूच्या नारिंगी प्रकाशाने उजळणारी सपाट काच शोधून काढली. बोटाने स्पर्श करून उत्तर देण्याची सोयही १९७२ च्या सुमारास त्यावर झाली. आज मुलांच्या हाती असलेल्या काचेचे हे घराणे! आणि गंमत अशी, की १९७३ साली या यंत्रावर परस्परांना निरोप लिहिण्याची सोय होताच विद्यार्थ्यांची तेथे झुंबड उडाली. एकेकट्याला शिकविण्यासाठी जोडलेले यंत्र मुलांनी गप्पा मारावयास वापरले. शिकणाऱ्याला माणसाची केवढी ओढ असते हे त्या यंत्रानेच दाखवून दिले.

तिकडे स्टॅनफर्ड येथे तत्त्वज्ञ पॅट्रिक सप्स हे १९६३ पासून लहान मुलांना संगणकावर गणित शिकवीत होते. १९६६ मध्ये जवळच्या ब्रेंटवुड शाळेत पहिलीची मुले संगणकापुढे बसली. त्याच वर्षी सप्स यांनी एका लेखात एक राजस स्वप्न रंगविले: राजा फिलिपच्या मुलाला, म्हणजे अलेक्झांडरला, जसा ॲरिस्टॉटल खाजगी गुरू म्हणून लाभला, तसा ज्ञानी गुरू थोड्याच वर्षांत लक्षावधी मुलांना लाभेल. या वाक्याची मोहिनी अद्याप उतरलेली नाही. नवे यंत्र निघाले की ते नव्याने कोणीतरी उच्चारतो.

परंतु ॲरिस्टॉटल व्हावयाचे तर शिष्याची चूक वाचता आली पाहिजे. या दिशेने खरे पाऊल १९७८ साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी टाकले. वजाबाकीतील मुलांच्या चुका त्यांनी संगणकाकरवी तपासल्या. समजा, एका मुलाने ५२ तून २७ वजा करून ३५ लिहिले. लाल शाईची फुली मारून आपण मोकळे होऊ. पण पाहा: ७ तून २ गेले ५, आणि ५ तून २ गेले ३. तो वेंधळा नाही; हातचा घेण्याऐवजी प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करावयाचा असा त्याने आपला एक नियम बसविला आहे आणि तो इमानाने पाळतो आहे. त्याला आणखी पन्नास उदाहरणे घातली तर तो पन्नासही त्याच रीतीने चुकवील. पोराची चूक म्हणजे त्याच्या डोक्यातील चुकीचा नियम, हे मुरलेले मास्तर अनुभवाने ओळखून होते. आता ते यंत्रालाही ओळखता येऊ लागले.

त्यानंतर १९८४ साली बेंजामिन ब्लूम या शिक्षणशास्त्रज्ञाचा एक निबंध गाजला. त्यातील आकडे समजण्यासाठी आपण एक कल्पना करू. शंभर मुले गुणांच्या क्रमाने रांगेत उभी आहेत. मधला मुलगा पन्नासांच्या पुढे आहे. ब्लूम म्हणाले, याच मुलाला एकट्याला शिक्षक दिला आणि एक घटक पक्का झाल्यावाचून पुढचा घेतला नाही, तर तो वर्गात शिकणाऱ्या अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जाईल. मग प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्याही देशाला परवडणार नसल्यामुळे, तेवढाच लाभ स्वस्तात कसा साधावा, हा त्यांचा सवाल. संगणकवाल्यांना जणू निशाणच मिळाले.

पण २०११ साली कर्ट व्हॅनलेन यांनी कित्येक वर्षांचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. माणसाच्या खाजगी शिकवणीने तो पन्नासावरचा मुलगा सुमारे अठ्ठ्याहत्तरांपुढे जातो, अठ्ठ्याण्णवांपुढे नाही. आणि चांगला संगणक-शिक्षकही त्याला जवळजवळ तेथेच नेतो! मात्र हा ‘चांगला’ कोणता? फक्त शेवटचे उत्तर तपासणारे यंत्र त्याला बासष्टांपर्यंतच नेते. पायरीपायरीला मुलाचे काम पाहून तेथल्या तेथे सावरणारे यंत्र माणसाच्या बरोबरीला येते. मुलाच्या हातून पायऱ्या करवून घेणे, यात खरे मर्म आहे. मग करवून घेणारा कोणी का असेना.

येथे कोणी म्हणेल, मग झाले की! यंत्र जिंकले. पण प्रयोगशाळेतले यश गावच्या शाळेत जसेच्या तसे उतरत नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन यांच्या मंडळीने बीजगणिताचा असा पायरीवार शिक्षक तयार केला होता. अमेरिकेच्या सात राज्यांतील १४७ शाळांत त्याची परीक्षा झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याचे तीन दिवस शिक्षक आणि दोन दिवस यंत्र, अशी वाटणी होती. पहिल्या वर्षी फायदा शून्य. दुसऱ्या वर्षी हायस्कुलांतील पन्नासावरचा मुलगा अठ्ठावन्नांपुढे गेला. यंत्र दोन्ही वर्षी तेच. मग एका वर्षात बदलले काय? यंत्राला कोठे बसवावयाचे आणि आपण कोठे उभे राहावयाचे हे तेथील शिक्षकांना उमगले असावे, असेच अनुमान निघते.

*

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे प्रश्न अलेक्झांडरचा नाही. चौथीत गेलेल्या पण दुसरीचे वाचता न येणाऱ्या मुलाचा आहे. १९९४ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’ या संस्थेचे काम सुरू झाले. तिने मुंबई आणि बडोदा येथील नगरपालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली एक तरुण मुलगी. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. आणि काम काय, तर तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवून त्यांना अक्षरओळख आणि अंकओळख पक्की करून द्यावयाची. बडोद्यात याच वेळी दुसराही प्रयोग झाला: चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघे, असे बसवून गणिताचे खेळ द्यावयाचे. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २००१ ते २००३ या काळात दोहोंचे मोजमाप केले. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

निकाल कोणत्याही एका पक्षाच्या सोयीचा लागला नाही. दुसऱ्या वर्षाअखेर बालसखीच्या शाळेतला पन्नासावरचा मुलगा सुमारे एकसष्टांपुढे गेला होता. संगणकवाला मुलगा गणितात अडुसष्टांपुढे. गणितात यंत्राने बाजी मारली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्या यंत्राने भाषेत काही भर घातली नाही, आणि खर्च पाहावा तर बालसखीमागे मुलाला वर्षाकाठी सव्वादोन डॉलर, यंत्रामागे पंधरा. शिवाय कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात दोन्हींचा पुष्कळसा लाभ ओसरला. शिक्षण हे पावसासारखे आहे. एकदा पडून भागत नाही, दरसाल पडावे लागते.

याहून मोलाचा धडा अहमदाबादेत मिळाला. तेथील ‘ज्ञानशाला’ या गरीब वस्त्यांतल्या शाळांत ली लिंडन यांनी एकाच संगणकीय पाठाचा दोन रीतींनी उपयोग करवून पाहिला. काही शाळांत मुलांना शिक्षिकेच्या तासातून उठवून संगणकापुढे बसविले. काही शाळांत शिक्षिकेचा तास तसाच ठेवून, शाळेच्या वेळेबाहेर संगणक जादा दिला. पाठ तोच, मुले तशीच, यंत्र तेच. शाळेबाहेर जादा म्हणून दिलेल्या यंत्राने पन्नासावरचा मुलगा एकसष्टांपर्यंत वर गेला. शिक्षिकेच्या जागी बसविलेल्या यंत्राने तोच मुलगा अठ्ठाविसांपर्यंत खाली आला. शंभर वर्षांच्या वादाचा इतका स्वच्छ निवाडा दुसरा नसेल. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्या शाळांतून शिकवणे आधीच मेहनतीचे आणि शिस्तीचे होते. जेथे तासच होत नाही तेथे यंत्रामुळे काय बुडणार?

२०१५ साली दिल्लीत आणखी एक प्रयोग झाला. सरकारी शाळांतील ६१९ मुले त्यात होती. सहावीतले सामान्य मूल गणितात अडीच इयत्ता मागे असल्याचे आढळले. म्हणजे सहावीचे पुस्तक मांडीवर आणि समज चौथीच्याही अलीकडे! या मुलांनी शाळेनंतर दीड तास एका केंद्रात यावयाचे: पाऊण तास संगणक प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरून गणित, हिंदी शिकवी आणि पाऊण तास बारा-पंधरा मुलांच्या गटाला एक शिक्षक शिकवी. साडेचार महिन्यांत पन्नासावरचा मुलगा गणितात चौसष्टांपुढे आणि हिंदीत एकोणसाठांपुढे गेला. सहावीच्या मुलाला ‘तू चौथीपासून सुरुवात कर’ असे भर वर्गात सांगणे कोणत्याही मास्तरांना जड जाते. यंत्र ते मुलाच्या कानात सांगते, आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. हा यंत्राचा मोठाच गुण होय. मुलाचा मान राखून त्याला मागच्या पायरीवर नेणे त्याला जमते.

*

२०२२ च्या अखेरीपासून बोलकी यंत्रे आली आणि वादाला पुन्हा धार चढली. जुनी यंत्रे ठरावीक पाठाबाहेर जात नसत. नवी कोणत्याही प्रश्नावर, मराठीतसुद्धा, अस्खलित बोलतात. यांचीही परीक्षा झाली आहे. तुर्कस्तानात सुमारे हजार हायस्कूल विद्यार्थ्यांचे तीन गट करून त्यांना गणिताचा सराव दिला. एका गटाला काहीच यंत्र नव्हते. दुसऱ्याला विचारताच उत्तर सांगणारे होते. तिसऱ्याला उत्तर न सांगता इशारे देणारे होते. सरावात दुसऱ्या गटाचे गुण पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त आणि तिसऱ्याचे १२७ टक्क्यांनी जास्त! मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. तेव्हा उत्तरे सांगणाऱ्या यंत्राच्या गटाला, ज्यांनी यंत्र कधी पाहिलेच नाही अशांपेक्षाही १७ टक्के गुण कमी पडले. इशारेवाल्यांचे नुकसान टळले, पण ते पहिल्या गटाच्या फारसे पुढेही गेले नाहीत. कुबडी घेऊन धावणाऱ्याला आपण पळावयास शिकलो असे वाटते. कुबडी काढल्यावर पाय हलत नाहीत, तेव्हा खरे कळते.

याच्या उलट २०२४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला तो नमुनेदार आहे. त्यात यंत्र मुलाशी बोललेच नाही. ते शिकवणाऱ्या माणसाच्या कानाशी लागले. मूल अडले की यंत्र शिकवणाऱ्याला सुचवी: उत्तर सांगू नका, अमुक विचारा. नऊशे शिकवणारे आणि अठराशे मुले यात होती. ज्यांना यंत्राची साथ होती त्यांच्या मुलांपैकी शंभरात चार जास्त मुलांचा पाठ पक्का झाला. आणि ज्या शिकवणाऱ्यांचा हात मुळात कच्चा होता त्यांच्या बाबतीत शंभरात नऊ. निवडक मुरब्बी मास्तरांना ज्या युक्त्या जन्मभरात साधतात, त्या नवख्याला तेथल्या तेथे सुचविल्या गेल्या.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सर्वांच्या कानावर असेल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात छापलेल्या ठिपक्यांच्या चौकोनी खुणेवर फोन धरला की पाठ, गाणी, गोष्टी ऐकू येतात, ही त्यांची क्यूआर कोडाची युक्ती पुष्कळांनी वाखाणली. पण त्यापूर्वीची गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुलांच्या घरची बोली कन्नड असल्याचे पाहून गुरुजी स्वतः ती भाषा शिकले, आणि मग पुस्तके तिच्यात उतरविली. पुस्तक मुलांना कळत नाही याचे कारण मुलांच्या घरात आहे, हे आधी एका माणसाला दिसले. ठिपक्यांची खूण त्यानंतर आली.

*

तेव्हा या साऱ्या इतिहासाचा ताळेबंद काय? मास्तरांच्या पाच कामांपैकी उदाहरणे घालणे आणि तपासणे ही दोन कामे यंत्र आज उत्तम करते, आणि ती त्याच्याकडे सोपविण्यात मास्तरांचा अपमान नाही. समजावून सांगणे आणि अडचण ओळखणे यांत ते बरेच पुढे आले आहे. पाचवे काम, मुलाला धरून ठेवण्याचे, त्याच्या हाती लागलेले नाही. चार दिवस मूल शाळेत आले नाही तर त्याच्या घराकडे पाय वळतात ते माणसाचेच. आणि ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य मुलाला बोचते, ते म्हणणाऱ्याला आपल्याबद्दल खरोखरच काही वाटते म्हणून.

म्हणूनच भय यंत्राचे नाही, काटकसरीचे आहे. श्रीमंताच्या मुलाला शाळेतले शिक्षक, घरची शिकवणी आणि शिवाय यंत्र, अशी तिन्ही मिळतील. खेड्यातल्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतल्या मुलाला मात्र ‘यंत्र दिले आहे ना, मग शिक्षकाची जागा भरावयास कशाला हवी?’ असे म्हणण्याचा मोह उद्या कोणाही अर्थमंत्र्याला पडेल. अहमदाबादेतला तो अठ्ठाविसांपर्यंत घसरलेला मुलगा अशा वेळी आपल्या डोळ्यांपुढे असावा. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी मागितले काय? प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. दीडशे वर्षे होत आली; यंत्रे बदलली, ती मागणी जुनी झालेली नाही. बालसखीच्या साडेसातशे रुपयांनी एवढे घडले, हे पाहिल्यावर तर तिची किंमत अधिकच पटते.

आणि घरच्या काचेचे काय करावे? ती फेकूनही देऊ नये, तिच्यावर विसंबूनही राहू नये. मुलाने तिच्यावर उदाहरण सोडविले की त्याला जवळ बसवून एवढेच म्हणावे, “हे कसे केलेस, मला समजावून सांग पाहू.” ते त्याला सांगता आले, तर यंत्राने आपले काम केले. नाही आले, तर समजावे की उदाहरण यंत्राने सोडविले आहे. मुलाचे अजून सोडवावयाचे आहे.